गोलंदाज बाळू पालवणकर

क्रिकेटच्या खेळात फलंदाजाची कीर्ती लवकर पसरते. शतक काढणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येते आणि मुलांच्या तोंडी बसते. परंतु काही सामने असे असतात की त्यांत दोन्ही बाजूंच्या धावा बेताच्याच होतात, एक एक धाव मोलाची ठरते, आणि अखेर निकाल लागतो तो एखाद्या गोलंदाजाच्या मनगटावर व बोटांवर. अशा सामन्याचा वृत्तांत वाचताना धावांचे आकडे किरकोळ दिसतात. म्हणून तो वाचणारेही थोडेच. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो ते अशाच सामन्यांचे नायक होते. जळगाव-धुळ्याकडील आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना हल्लीच्या खेळाडूंची धावसंख्या मुखोद्गत असते. तथापि वरच्या वर्गात आम्ही बाळू पालवणकर हे नाव उच्चारले तेव्हा ते कोणाच्याच ओळखीचे निघाले नाही. त्या दिवशीच हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले.

बाळूंचा जन्म इ. स. १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराकडे लहानशा नोकरीवर असत आणि त्या निमित्ताने कुटुंबाचे वास्तव्य पुणे येथे झाले. पुण्याच्या लष्करी वसाहतीत गोरे शिपाई व अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेली बॅट आणि झिजलेला चेंडू एवढ्या सामग्रीवर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे खेळ शिकले. पुढे विठ्ठल व गणपत हे आणखी दोघे बंधूही या खेळात नावारूपास आले. एकाच घरातील चार भाऊ वरच्या दर्जाच्या सामन्यांत खेळल्याची उदाहरणे कोणत्याही देशात थोडीच सापडतील. आणि हे घर तर असे की ज्याच्या उंबरठ्यावर उच्चवर्णीय शेजारी पाऊलही ठेवीत नसत.

शाळेचे शिक्षण बाळूंना फारसे मिळाले नाही. लहान वयातच घरखर्चास हातभार लावण्यासाठी त्यांना पुण्यातील एका पारशी क्रिकेट मंडळात नोकरी धरावी लागली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे; वेतन महिना ३ रुपये. सुमारे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे वेतनात एका रुपयाची भर पडली आणि कामातही भर पडली. रूळ ओढावा, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा माराव्या, जाळ्या उभाराव्या, टेनिसची मैदाने आखावी, आणि साहेब लोकांस फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकावे, असा त्यांचा दिनक्रम होता.

या शेवटच्या कामातून एक थोर गोलंदाज निर्माण झाला. क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. मुंबई इलाख्यातील युरोपियन फलंदाजांत त्यांची गणना अग्रभागी होत असे. ते इतर सभासदांच्या आधीच मैदानावर येत आणि बाळूंना चेंडू टाकावयास लावीत. बाळूंनी बाद केले की प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर आठवड्यातून एकदाच बाद केले तरी महिन्याकाठी वेतनाच्या निम्मी रक्कम वर मिळाली असती. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, रोजच्या या सरावाने दोघांचाही खेळ धारदार झाला यात संशय नाही. हे ग्रेगसाहेब पुढे इंग्लंडात परतले, हॅम्पशायर परगण्याच्या क्रिकेट मंडळाचे चिटणीस झाले आणि उतारवयात त्यांनी कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली, ही माहिती आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना नवीनच असेल.

बाळू डावखुरे, मंदगती गोलंदाज होते. मंदगती म्हणजे सोपी असा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. वेगवान गोलंदाजाला अंगातील जोर उपयोगी पडतो. मंदगती गोलंदाजाचे सारे भांडवल अचूकपणा व चातुर्य हेच. चेंडू नेमका कोठे टाकावयाचा, तो हवेत किती उंच जाऊ द्यावयाचा, टप्पा पडल्यावर कोणत्या बाजूस वळवावयाचा, आणि आधीच्याच पद्धतीने हात फिरवून वेग मात्र किंचित कमी-अधिक कसा करावयाचा, या गोष्टींवर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळविले होते. दिवसभर चेंडू टाकले तरी त्यांचा टप्पा ढळत नसे. याचे कारण उघड आहे. क्लबाच्या जाळीत त्यांना तासन्‌तास चेंडूच टाकावे लागत. त्यांच्या हाती बॅट कोणी कधी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती वाटणी होती. शिवाय ज्या खेळपट्टीवर आपण रोज रूळ फिरवितो तिचा ओलावा, तिच्या भेगा, तिचा कोणता भाग ऊन चढल्यावर भुसभुशीत होतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? काळ्या जमिनीचा स्वभाव आमच्याकडे शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकावाचून कळतो, तसाच हा प्रकार होता.

पूना क्लबातील एक नोकर साहेबांना एकामागून एक बाद करतो, ही वार्ता गावात पसरण्यास वेळ लागला नाही. पुण्यातील हिंदूंचा एक क्रिकेट संघ युरोपियनांविरुद्ध सामने खेळत असे. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर त्याच्या सभासदांत पुष्कळ वाद झाला. एका बाजूस जातीची शिवाशिव आणि दुसऱ्या बाजूस साहेबांवर जय मिळविण्याची इच्छा. अखेर दुसरी प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले. मात्र मैदानावरील समता मैदानाच्या सीमेवरच संपत असे. त्यांनी फेकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. हातपाय धुण्यास पाणी हवे असेल तर ते दुसऱ्या नोकराने वरून घालावयाचे. जेवणाचे ताट व बसण्याची जागाही निराळी. त्या दिवशी सर्वांत अधिक गडी त्यांनी बाद केलेले असले तरी या व्यवस्थेत फरक पडत नसे.

हे वाचून कोणा ख्रिस्ती वाचकाने आपण यातून मोकळे आहो असे समाधान मानण्याची घाई करू नये. एकाच प्यालातून प्रभुभोजन घेणाऱ्या आमच्या समाजातही कोठे कोठे पूर्वीच्या जातींप्रमाणे बाके वेगळी राहिली आणि सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारली गेली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. एवढे सांगून आम्ही मूळ विषयाकडे वळतो.

पुण्याच्या या हिंदू संघाचा एक सामना सातारा येथे तेथील युरोपियन जिमखान्याशी ठरला. बाळूंची कीर्ती त्यांच्या आधीच साताऱ्यास पोहोचली होती. म्हणून यजमानांनी आठवडाभर आपल्या खेळपट्टीवर रूळ फिरविला आणि ती इतकी टणक व गुळगुळीत केली की तिच्यावर कोणाचाही चेंडू वळू नये. ज्याचे आयुष्य रूळ ओढण्यात गेले त्याला रुळाने जिंकण्याचा हा बेत होता. बाळूंनी त्या खेळपट्टीवर ७ गडी बाद केले आणि सामना पुण्याच्या संघाने जिंकला. परत आल्यावर झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. खेळपट्टी झाडणाऱ्या तरुणाला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने सर्वांदेखत हार घालावा, ही त्या काळच्या पुण्यात लहान गोष्ट नव्हती.

पुढे प्लेगच्या दिवसांत बाळू पुण्याहून मुंबईस गेले. तेथेही परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली; परंतु जाणत्या खेळाडूंनी आग्रह धरला आणि ते संघात आले. पोटासाठी त्यांनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली व त्या कंपनीच्या संघातूनही ते खेळू लागले. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अंमळनेर या मार्गाने जळगावकडे येणारा ताप्ती व्हॅली लोहमार्ग हीच कंपनी चालवीत असे. तेव्हा आमच्या पालकांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना या कंपनीचे नाव चांगले परिचयाचे असणार.

आता आपण १९०५-०६ च्या हंगामाकडे येऊ. त्याच सुमारास अमेरिकेत एका गोलंदाजाच्या, किंवा तिकडच्या भाषेत पिचरच्या, पराक्रमाने सर्व देश थक्क झाला होता. बेसबॉलच्या खेळात चेंडूला टप्पा नसतो. पिचर तो सरळ हवेतून फलंदाजाकडे फेकतो, आणि तो चांगल्या भरात असेल तर सबंध सामन्यात प्रतिपक्षाला एकही धाव मिळत नाही. १९०५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्क व फिलाडेल्फिया येथील धंदेवाईक संघांत अजिंक्यपदाचे पाच सामने झाले. त्या पाचही सामन्यांत हरणाऱ्या पक्षास शून्यावर समाधान मानावे लागले. न्यू यॉर्कच्या क्रिस्टी मॅथ्यूसन यांनी सहा दिवसांत तीन सामन्यांत चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. शेवटचा सामना तर अवघ्या दोन धावांनी जिंकला गेला. मॅथ्यूसन हे महाविद्यालयात शिकलेले, आणि रविवारी न खेळण्याचा मातेला दिलेला शब्द पाळणारे गृहस्थ असल्यामुळे घरोघरी त्यांचे कौतुक झाले. पाचांपैकी जो एक सामना फिलाडेल्फियाने जिंकला तो चार्ल्स बेंडर यांच्या चेंडूफेकीवर. बेंडर हे तेथील मूळ रहिवाशांपैकी, ओजिब्वे मातेचे पुत्र होते. त्यांच्या वंशावरून प्रेक्षक त्यांची टर उडवीत आणि वर्तमानपत्रे त्यांना न आवडणाऱ्या टोपणनावाने त्यांचा उल्लेख करीत. कृष्णवर्णीयांना तर त्या प्रमुख संघांची दारे १९४७ पर्यंत बंदच होती. भेदाचे पीक एकट्या आपल्याच मातीत येते असे नाही, हे ध्यानात यावे म्हणून ही हकीकत येथे दिली.

या सामन्यांनंतर चार महिन्यांनी, १९०६ च्या फेब्रुवारीत, मुंबईस बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू व युरोपियन हे संघ प्रथमच समोरासमोर आले. त्यापूर्वी तेथील मोठे सामने युरोपियन व पारशी यांच्यात होत. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला होता. साहेबांशी सामना म्हणजे नुसता खेळ, असे प्रेक्षकांपैकी क्वचितच कोणी मानीत असेल. ज्या जिमखान्याच्या इमारतीत हिंदी मनुष्यास नोकर म्हणून तेवढा प्रवेश होता, तिच्यासमोर हा सामना होता. हिंदूंच्या संघात बाळू होते आणि शिवरामही होते.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ धावांत संपला. त्यांत बाळूंनी ३ गडी बाद केले. ५१ धावांची आघाडी म्हणजे काही निर्धास्त राहण्याजोगी गोष्ट नव्हे. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांतच गारद झाले. युरोपियनांना आता विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. पहिल्या डावातील १९१ पाहता हे काम त्यांच्या आवाक्यातले होते. एखाद-दुसरा फलंदाज टिकला असता तर बाजी उलटण्यास विलंब लागला नसता.

परंतु खेळपट्टी आता झिजली होती, आणि झिजलेली खेळपट्टी ही बाळूंची जुनी ओळखीची. त्यांनी आपला टप्पा पकडला. पुढे येऊन फटका मारावा तर चेंडू आधीच खाली उतरे. मागे राहून थोपवावा तर तो अपेक्षेपेक्षा अधिक वळे. दुसऱ्या बाजूने एराशा यांचीही गोलंदाजी उत्तम पडली. युरोपियनांचा सबंध डाव १०२ धावांत आटोपला. बाळूंनी त्यात ५ गडी बाद केले होते. दोन्ही डावांचे मिळून ८. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. चारही डावांची बेरीज केली तर ती ६९५ भरते. हल्ली एकेका संघाचा एक डावच कधी कधी या आकड्यापर्यंत जातो. पण जे सामने आजतागायत सांगितले जातात त्यांत या सामन्याचे स्थान आहे.

या विजयाचा आनंद देशभर झाला. त्यातही मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी साप्ताहिकाने जी गोष्ट हेरली ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पुण्यास ज्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे ते बाळू व त्यांचे बंधू मुंबईच्या जिमखान्यात इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसून जेवू लागले होते. हा बदल कोणत्या ठरावाने झाला नव्हता; एका डावखुऱ्या मनुष्याच्या टप्प्याने झाला होता. पुढच्याही वर्षी युरोपियनांविरुद्ध हिंदूंची सरशी झाली.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी, मुसलमान व शीख अशा सर्वांचा मिळून एक संघ इंग्लंडास गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते आणि शिवरामही बरोबर होते. संघाचे बहुतेक सामने हातचे गेले. ओलसर थंड हवा, नवी मैदाने, कसलेले प्रतिस्पर्धी; शिवाय महाराज खेळापेक्षा दरबारी मेजवान्यांत अधिक रमलेले. या पडझडीत बाळू मात्र एकटे खिंड लढवीत राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले आणि दर गड्यामागे सरासरी एकोणीसच्या आतच धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी टिपले. लेस्टरशायर व सॉमरसेट या दोन परगण्यांवर संघाने जय मिळविला. सॉमरसेटवरील विजय तर जेमतेम एक गडी राखून मिळाला आणि त्यात शिवरामांच्या फलंदाजीचा मोठा वाटा होता.

अशा मनुष्याकडे हिंदू संघाचे नेतृत्व सहजच यावयास हवे होते. अनुभवाने व कर्तबगारीने त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. तरीही हंगामामागून हंगाम लोटले, आणि ते पद प्रत्येक वेळी उच्चवर्णीय खेळाडूकडेच गेले. जेवणाची पंक्त एक झाली होती. आज्ञा कोणी कोणास करावयाची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९२० च्या स्पर्धेत तर बाळूंना प्रारंभी संघातूनच वगळले आणि नेतृत्वासाठी विठ्ठलांचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी खेळण्याचे नाकारले व आपले कारण वर्तमानपत्रांतून उघडपणे जाहीर केले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अखेरच्या सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना उपनायक नेमण्यात आले, आणि नायक एम. डी. पै यांनी काही काळ मुद्दाम मैदान सोडून संघाची सूत्रे बाळूंच्या हाती येऊ दिली. पैंच्या या कृतीत औदार्य होते हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याने पंधरा वर्षे सामने जिंकून दिले त्याला नेतृत्व मिळावे ते दुसरा मैदानाबाहेर असेपर्यंत, हे पाहून मन विषण्ण होते. बाळूंची क्रीडा-कारकीर्द यानंतर लवकरच संपली. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते.

जे त्यांना मिळाले नाही ते त्यांच्या धाकट्या भावास मिळाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्याचे नाव. खेळाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी ते कोठे मिळाल्यास अवश्य वाचावे.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील राजकारणाचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तरुणपणी बाळूंचे चाहते होते. अस्पृश्य गणलेल्या समाजातील मुलांना अभिमानाने सांगता येईल असे नाव तेव्हा बाळूंचेच होते. पुढे दोघांचे मार्ग भिन्न झाले. बाळूंचा ओढा गांधीजींच्या मार्गाकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध त्यांना उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी आंबेडकर निवडून आले. एकाच अपमानातून वर आलेली दोन माणसे समोरासमोर उभी करण्यात आली, याचे आम्हांस आजही वाईट वाटते. कोणाचा मार्ग बरोबर होता यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत अद्याप वाद होतो; त्यात वाचकांना गुंतविण्याचा आमचा मानस नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळू पालवणकर निवर्तले. अस्पृश्यता मानणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी संसदेने केला, आणि तो १ जूनपासून अमलात आला होता. खाणावळीत वा उपाहारगृहात सर्वांसाठी असलेला पेला कोणास जातीमुळे नाकारणे त्या दिवसापासून दंडास पात्र झाले. बाळू त्यानंतर एक महिना आणि तीन दिवस जगले.